ऑफिसमागे सापडलेल्या सुया : घंटागाडीत टाकू, दवाखान्यात देऊ की महापालिकेला फोन करू?

आमचं ऑफिस जळगावच्या एमआयडीसीत, मागे मोकळा प्लॉट, तिथे बाभळी न कोपऱ्यात अख्ख्या लाईनीचा कचरा. उन्हाळ्यात एकदा वॉचमन दादा खराटा घेऊन आत आले न म्हणे, "भाऊ, हाई काय शे?" खराट्याच्या काड्यांत सुईसकट सिरिंज अडकलेली. मला आधी बाभळीचा काटाच वाटला. मग प्लॉटमधे जाऊन बघितलं तर अजून सहा-सात पडलेल्या, त्यातल्या तिघांवर लाल टोपण, म्हणजे ४० युनिटवाल्या इन्सुलिनच्या, आणि एक तर ढोराला टोचायची जाडजूड सुई. सगळे म्हणायला लागले नशेवाले येतात रात्री, पण ते लाल टोपण बघून मला तरी वाटलं की आजूबाजूचाच कोणी शुगरवाला टाकत असेल.

सगळ्यात सोपं म्हणजे कागदात गुंडाळून घंटागाडीत. फुकट, रोजच्या रोज, कोणाला विचारायला नको. पण हे करू नका, खरंच. तो कचरा पुढे माणसंच हाताने निवडतात, सिरिंजचं प्लॅस्टिक भंगारात जातं म्हणून वेचणारे ती ओढून काढतात, म्हणजे आपल्या दारातली सुई फक्त दुसऱ्याच्या हातापर्यंत पोचवली. हेपॅटायटिस बी चा व्हायरस शरीराबाहेर सात दिवस टिकू शकतो आणि लस न घेतलेल्याला सुईतून तो लागायचा धोका एचआयव्हीपेक्षा खूप जास्त, एचआयव्हीचा शंभरात ०.३ च्या आसपास धरतात तर बी चा ६ ते ३०, आणि हे आकडे दवाखान्यातल्या ताज्या रक्ताच्या सुयांचे आहेत, उन्हात पडलेल्या सुईचा धोका कमीच, पण शून्य समजून चालायचं नाही. जाळणं तर अजून वाईट, सुई तशीच राहते न धूर आपल्याच खिडकीत.

आमच्या साहेबांना ऑनलाईन सुई जाळायचं मशीन दिसलं, म्हणे घेऊन टाकू. मी बघितलं, त्यात सुई एक एक करून हाताने आत घालायची असते. डॉक्टरकडे ठीक आहे, इंजेक्शन दिलं की लगेच जाळलं. इथे मातीत पडलेली, वाकलेली सुई, ती कोण धरणार? हब कटर म्हणजे सिरिंजपासून सुई कापून टाकायचं यंत्र, त्याचंही तेच. जेवढ्या वेळा सुई हाताळाल तेवढे टोचायचे चान्स, आणि जाळल्यावरही सिरिंज उरतेच, ती कुठे टाकायची हा प्रश्न परत तिथेच. पैसे वाया.

मग राहतात दोनच खरे पर्याय, दवाखाना किंवा महापालिका. दवाखान्याकडे सुयांसाठी पांढरा, सुई आरपार जाणार नाही असा डबा असतो, बायोमेडिकल कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत तो सांगितलाय, न त्यांची वेगळी गाडी येऊन घेऊन जाते. माल योग्य ठिकाणी जायची खात्री इथे सगळ्यात जास्त. अडचण एकच, त्यांच्या पिशव्या-डब्यांना त्यांचाच बारकोड असतो न कचऱ्याचा हिशोब ठेवावा लागतो, म्हणून बाहेरच्या सुया घ्यायला काही जण का-कू करतात. मी दोन ठिकाणी विचारलं, एकाने सरळ हात झटकले, दुसरे डॉक्टर म्हणाले घट्ट बंद बाटलीत आणा, ठेवून घेतो. ओळखीचा दवाखाना असेल तर आधी फोन करूनच जा, अचानक बाटली टेबलावर ठेवाल तर चहा नाही मिळणार.

महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन किंवा स्वच्छता ॲपवर फोटो टाकायचा फायदा असा की नुसती सुई नाही तर जागा साफ होते. तोटा म्हणजे कधी येतील ते आपल्या हातात नाही, आमच्याकडे चौथ्या दिवशी आले, तोवर मी तिथे वीट ठेवून वर लाल कापड बांधलं होतं. म्हणून माझं मत, दोन-चार सुया असतील तर स्वतः बाटलीत घालून दवाखान्यात. ढीग असेल किंवा दर आठवड्याला सापडत असतील तर तक्रार करायचीच, एकट्याच्या नावाने नको, लाईनीतल्या चार दुकानांच्या सह्या घेऊन लेखी द्या न पोच घ्या, फरक पडतो.

बाटली म्हणजे पाण्याची पातळ बाटली नाही, ती टोचली जाते. फिनाईल, ॲसिड किंवा कपडे धुवायच्या लिक्विडची जाड बाटली घ्या (रिकामी करून, धुऊन). बाटली हातात धरायची नाही, जमिनीवर सुईशेजारी ठेवायची, सुई चिमट्याने सिरिंजच्या मागच्या बाजूने उचलायची न टोक खाली करून सोडायची. टोपण परत लावायचा शहाणपणा नको, बऱ्याच जणांना तिथेच टोचतं. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी मारा न मार्करने 'सुया आहेत' लिहा. हातमोजे घाला पण त्याच्या भरवशावर राहू नका, सुई रबरातून आरपार जाते. आणि झाडायला येणाऱ्या मावशींना हे काम सांगू नका, त्यांना चप्पल सोडून बूट घ्यायला पैसे द्या आधी.

तरी टोचलीच तर रक्त पिळायचं नाही, चोखायचं तर नाहीच. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायचं न सरळ सिव्हिल गाठायचं. एचआयव्हीची बचावाची औषधं लागतील का ते डॉक्टर ठरवतात, लागली तर ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, न २८ दिवस चालतात, म्हणून 'उद्या बघू' चालत नाही. हेपॅटायटिस बी ची लस झालीय का ते पण तिथे सांगा. रात्री काही सुचत नसेल तर १०९७ ला फोन करा, ती एड्सची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट. आमच्या वॉचमन दादांना टोचली नव्हती, खराटा मात्र आम्ही नवीन आणला.