मागच्या फळीवर की बोटीच्या आत?

रामटेकजवळच्या खिंडसी तलावात चालवायला भाच्याने फायबरची छोटी मोटरबोट घेतली. खोली-वेग दाखवणारा सेन्सर मागच्या फळीवर, म्हणजे ट्रान्समवर बसवू की आतून तळाला चिकटवू, म्हणून दोन दिवस फोन करतोय.

वेग हवा असेल तर ट्रान्समच. पाण्यात फिरणारी फिरकी तिथेच लागते. आतला सेन्सर फक्त खोली दाखवतो. तसं तळ्यात प्रवाह नसल्यात जमा, वेग मोबाइलचा जीपीएसही सांगतो.

मेहनत? ट्रान्समला भोकं पाडा, प्रत्येकात पाण्याखाली टिकणारं सीलंट भरा, पंख्याच्या फेसापासून लांब ठेवा, नाहीतर आकडे उड्या मारतात. आतला इपॉक्सीने चिकटतो, पण हवेचा बुडबुडा राहिला की खेळ खलास. आणि तळ भरीव फायबरचाच हवा. मध्ये फोम किंवा लाकूड असेल तर नादच सोड. आधी बोटीच्या आत तळावर पाणी भरलेली पिशवी ठेवून त्यावर सेन्सर ठेव आणि तपास, फुकटात कळतं.

टिकायला आतलाच बरा. बाहेरच्याला दगड लागतो, शेवाळ अडकतं.

वेग आणि पाण्याचं तापमानही हवं, तर ट्रान्सम. बोट सारखी ट्रेलरवर चढते-उतरते आणि खोलीच पाहायची आहे, तर आतला.