फुकट बोट, पण उतरावं लागतंच: स्टेटन आयलंड फेरी, सहा महिन्यांच्या वापरानंतर

न्यूयॉर्कची ती बोट खरंच फुकट आहे का, असं जो तो विचारतो. फोनवर प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच लिहून टाकतो. होय, मॅनहॅटन ते स्टेटन आयलंड बोटीला तिकीट नाही. जाताना नाही, येताना नाही, बाहेरून आलेल्या पाहुण्याला नाही. 1990 पासून पन्नास सेंट घ्यायचे, ते 4 जुलै 1997 पासून बंद झालं. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, बॅटरी पार्कच्या आसपास गळ्यात ओळखपत्र अडकवलेले लोक "फेरी, फेरी" करत अंगावर येतात, त्यांच्याकडे बघायचंसुद्धा नाही. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने त्यांच्याकडून माणशी तिकीट काढलं आणि ते भलत्याच बोटीत बसून आले. व्हाइटहॉल टर्मिनल, म्हणजे बोटीचं मॅनहॅटनकडचं स्थानक, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, सरकत्या जिन्याने वर जायचं, दार उघडलं की आत शिरायचं. बस.

लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं 2024 च्या सप्टेंबरात नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला गेलो, ते फेब्रुवारी अखेरपर्यंत राहिलो. घरात तान्हं बाळ, बाळंतीण, त्यात जावई घरूनच काम करणारा. दुपारच्या वेळी मी बाहेर असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. पाथ गाडीने, म्हणजे न्यू जर्सी-मॅनहॅटन लोकलने, वर्ल्ड ट्रेड सेंटर, तिथून ब्रॉडवे रस्त्याने खाली वीसेक मिनिटं पायी, की बोट. सबवेचे, म्हणजे भुयारी रेल्वेचे, तेव्हाचे दोन डॉलर नव्वद सेंट वाचायचे. पाथचे मात्र द्यावेच लागायचे, आणि 2025 च्या जानेवारीत त्यांनी पावणेतीनचे तीन केले. म्हणजे फुकट फुकट म्हणतो ते पाण्यापुरतंच.

आता मुद्द्याचं. बोटीत बसून राहता येत नाही.

पंचवीस मिनिटांत, साधारण आठ किलोमीटरवर, स्टेटन आयलंडवरचा सेंट जॉर्जचा धक्का येतो. लाकडी खांबांच्या रांगांना घासत, कुरकुरत बोट आत शिरते, खलाशी पूल खाली सोडतात आणि कर्ण्यावरून हुकूम येतो, सगळ्यांनी उतरा. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनीच. आपल्याला काही काम नसलं, त्याच बोटीने परत जायचं असलं, खिडकीजवळची जागा मुश्किलीने मिळालेली असली, तरीही. उतरायचं, लोंढ्याबरोबर बाहेर पडायचं, वळसा घालून प्रतीक्षागृहात यायचं आणि काचेच्या दाराशी पुन्हा उभं राहायचं. पाय उचलून चाललात तर तीच बोट मिळते. गुडघा धरला असेल तर तोंडासमोर दार लागतं आणि गर्दीची वेळ नसली की पुढची बोट अर्ध्या तासाने.

मी मध्य रेल्वेत गार्ड होतो. डोंबिवलीचा माणूस कल्याणपर्यंत उलटा जाऊन, बसून रिटर्न येतो, हे आयुष्यभर बघितलं. त्याच्याकडे कल्याणपर्यंतचा पास असला की विषय संपला. इथे तर पासच नाही, मग कोणाचं काय जातं? ही म्हणायची, "अहो, फुकटात फिरायचं आणि वर तक्रार?" पण फुकट आहे म्हणून तर्क सोडायचा का? पहिले दोन महिने मी दरवेळी घरी येऊन जेवताना हाच विषय काढत असे. जावई सुरक्षेचं कारण सांगायचा. असेल. टर्मिनलात पोलिसांचा कुत्रा प्रवाशांच्या सामानाला नाक लावत फिरतो. हिच्या पिशवीत थालीपीठ आणि लसणाची चटणी होती त्या दिवशी तो जरा जास्तच रेंगाळला. कुत्रा हुंगून गेला ना, मग बसू द्या की!

बोटीबद्दल मात्र एक शब्द वाईट बोलणार नाही. केशरी रंग, दोन्ही टोकांना चालकाची खोली, त्यामुळे बोट वळतच नाही, आली तशीच उलटी निघते. याचा फायदा कोणी सांगत नाही. सगळीकडे लिहिलेलं असतं, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जाताना उजवीकडे, येताना डावीकडे. लोक डावं-उजवं करत बसतात. तुम्ही फक्त न्यू जर्सीची, म्हणजे पश्चिमेची बाजू धरा. जाताना तीच, येताना तीच. मॅनहॅटन सोडल्यावर आधी पुतळ्याची पाटी धरलेली डावी बाजू दिसते, आणि बोट पुढे सरकेल तसा चेहरा आपल्याकडे वळत येतो, कारण बाईंचं तोंड आग्नेयेला आहे. बोट तिथे थांबत नाही आणि फार जवळूनही जात नाही. पायथ्याशी उभं राहायचं असेल तर बॅटरी पार्कवरून निघणाऱ्या वेगळ्या बोटीचे पंचवीसेक डॉलर मोजा. आम्ही एकदा मोजले. फोटो फेरीवरून काढलेलेच बरे आले, अर्थात जावयाचा कॅमेरा लांबचं जवळ ओढून घेणारा आहे.

जागा कुठली घ्यायची हे बोटीवर अवलंबून. ऑलिस वर्गाच्या तीन नव्या बोटी आहेत, त्यातली पहिली 2022 मध्ये सुरू झाली. प्रत्येकीत सुमारे साडेचार हजार माणसं मावतात आणि वरच्या मजल्यावर उघड्यावर फिरायला डेक आहे. पहिलीला अफगाणिस्तानात मारल्या गेलेल्या स्टेटन आयलंडच्या सैनिकाचं नाव. ती लागली की सरळ वर. बाकीच्यांत काचेआडून बघायची वेळ येते आणि काचेवर मीठ बसलेलं असतं. केनेडी नावाची जुनी बोट 1965 पासून 2021 पर्यंत चालली. मग लिलावात स्टेटन आयलंडच्याच दोन विनोदी नटांनी भागीदारीत ती 2,80,100 डॉलरला घेतली. ज्या बोटीत फुकट बसायला मिळत होतं ती विकत घेणारी माणसंही असतात.

सेंट जॉर्ज जवळ आलं की पश्चिमेला पाण्यात एक बुटका दीपस्तंभ दिसतो, रॉबिन्स रीफ. लोकांचे फोन तेव्हा पुतळ्यावरच असतात. नवरा गेल्यावर केट वॉकर नावाच्या बाईने तो 1919 पर्यंत सांभाळला, मुलांना शाळेत सोडायला वल्ही मारत बेटावर जायची, आणि बुडणाऱ्या पन्नासेक जणांना तिने वाचवल्याचं सांगतात. हिला हा दीपस्तंभ पुतळ्यापेक्षा आवडला. पुतळ्याला घरकाम नाही, म्हणाली.

नोव्हेंबरात माझं मत थोडं हललं, तेही लिहायला हवं. एकदा दार तोंडासमोर लागलं आणि अर्धा तास टर्मिनलात काय करायचं म्हणून बाहेर पडलो. बाजूलाच पाण्याकाठी 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेल्या बेटावरच्या लोकांचं स्मारक आहे. दोन पांढरे पंख, आणि आतल्या बाजूने प्रत्येकाच्या नावाची दगडी पाटी, त्यातून बाहेर आलेली त्याच माणसाच्या चेहऱ्याची कड. नाक, कपाळ, हनुवटी, प्रत्येकाची वेगळी. पंखांच्या मधून समोर मॅनहॅटनचं टोक दिसतं. पुढची बोट मी सोडली, त्याच्या पुढचीही. नंतर कधी कधी चालत टॉम्पकिन्सव्हिलपर्यंत जायला लागलो. तिथे व्हिक्टरी बुलेवार्डवर श्रीलंकेच्या लोकांची हॉटेलं आहेत, भात-कालवण पोटभर मिळतं आणि तिखट मागितलं तर खरोखर तिखट देतात. उतरवलं नसतं तर यातलं काहीही दिसलं नसतं, हे मान्य. पण माणसाला उतरायचं की नाही हे त्याला ठरवू द्यावं, हे माझं म्हणणं तसंच आहे. हिवाळ्यात, हातमोज्यांतही बोटं गारठत असताना, बोटीतली उबदार जागा सोडून उठायचं म्हणजे शिक्षाच.

हिवाळ्याचा एक फायदा सांगतो. डिसेंबरात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो. चारच्या सुमाराला सेंट जॉर्जहून सुटणारी बोट पकडा. पश्चिमेला न्यू जर्सीच्या गोदीतल्या क्रेन लाल आकाशात काळ्या दिसतात, समोर इमारतींचे दिवे लागत असतात, आणि मोकळ्या डेकवर तुम्ही आणि एखाद-दुसरा वेडा. कानटोपी विसरू नका. उन्हाळ्यासारखी गर्दी नसल्याने कठड्यासाठी कोपर मारावं लागत नाही. उलट संध्याकाळी पाच ते सातमध्ये व्हाइटहॉलहून जाऊ नका. नोकरीवाले घरी निघालेले असतात, त्यांना ना पुतळा बघायचा असतो ना तुम्हाला वाट द्यायची असते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बोटीवर खाण्याचा स्टॉल असतो. बिअरही मिळते, भाव विचारून गप्प बसलो. डबा न्या, कोणी अडवत नाही.

शेवटी राहिली ती दुसरी बोट. सेंट जॉर्जहूनच शहराची एक छोटी, पैसेवाली फेरी सुटते, न्यूयॉर्क सिटी फेरी. आम्ही होतो तेव्हा साडेचार डॉलर. ती तेव्हा बॅटरी पार्क सिटीला सोडायची, तिथून पाथ स्टेशन अगदी जवळ, म्हणजे ब्रॉडवेची पायपीट वाचायची. जावयाने एकदा मला न विचारता फोनवरून तिकीट काढून दिलं. बोट चांगली, उघडा डेक चांगला, वेळेवर पोचली. साडेचार डॉलर म्हणजे त्या वेळचे पावणेचारशेच्या वर रुपये, वीस मिनिटांच्या चालण्यासाठी. डॉक्टरने मला चालायला सांगितलेलंच आहे.