खासगी रस्त्यावरचं घर, बिल्डरची लॉरी आणि लँड रजिस्ट्रीची सात पौंडांची पीडीएफ

इंग्लंडमध्ये 'अनअडॉप्टेड' रस्त्यावर घर असलं, म्हणजे कौन्सिलने देखभालीला न घेतलेल्या रस्त्यावर, की एक्स्टेन्शनच्या, म्हणजे घराला जोडून वाढीव बांधकामाच्या, पहिल्याच दिवशी वाद होतो तो स्किपच्या (राडारोडा भरायच्या लोखंडी डब्याच्या) लॉरीवरून. शेजारी बाहेर येऊन म्हणतो, 'हा खासगी रस्ता आहे, तुमच्या माणसांना इथून यायचा हक्क नाही.' त्याच्या म्हणण्यात किती तथ्य आहे हे पाहायला सर्वांत स्वस्त साधन एचएम लँड रजिस्ट्रीची, म्हणजे जमीन-मालकीची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, ऑनलाइन सेवा. आमचं मत: पाचपैकी साडेतीन. जे देते ते चोख, पण जे हवं असतं ते बऱ्याचदा एक पायरी पुढे असतं.

आधी फुकटचं काम उरका. कौन्सिलकडे देखभालीतल्या रस्त्यांची यादी असते. 1980 च्या हायवेज ॲक्टच्या कलम 36 खाली ती कुणालाही बघता येते. रस्ता यादीत असेल तर पुढचा खर्च वाचला. नसेल तर सरकारी संकेतस्थळावर पत्ता टाका. घराचा सारांश फुकट दिसतो. टायटल रजिस्टर (मालकीची नोंद) 7 पौंड, टायटल प्लॅन (हद्दीचा नकाशा) आणखी 7. डिसेंबर 2024 पर्यंत हेच 3 पौंडांना मिळत होतं. (डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत काढणाऱ्यांना हे महागच वाटेल.) गूगलवर सरकारी दिसणाऱ्या खासगी साइट्स याच कागदाचे कितीतरी जास्त पैसे घेतात, म्हणून साइटच्या नावाच्या शेवटी जीओव्ही डॉट यूके आहे ना, एवढं बघून घ्या.

रजिस्टरचे तीन भाग. 'ए' मध्ये मालमत्ता आणि तिला मिळालेले हक्क, 'बी' मध्ये मालक, 'सी' मध्ये कर्ज आणि बोजे. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' शोधायची सवय असलेल्यांनी थेट 'ए' वाचावा. तिथे वाटेच्या हक्काची ओळ असते, पण अनेकदा ती एवढंच सांगते की अमुक तारखेच्या ट्रान्सफरमधले, म्हणजे हस्तांतराच्या दस्तातले, हक्क लागू आहेत, आणि खाली बारीक टीप: 'कॉपी फाइल्ड', म्हणजे दस्ताची प्रत रजिस्ट्रीकडे आहे. साडेतीन गुणांचं कारण ही टीप. खरे शब्द त्या दस्तात आहेत, आणि त्याची प्रत ओसी2 फॉर्म भरून वेगळं शुल्क देऊन मागवावी लागते. कंटाळा करू नका.

दस्तात 'सर्व वेळी, सर्व कारणांसाठी, वाहनांसह किंवा वाहनांशिवाय' असं असेल तर घरमालकाचा हक्क त्याच्या प्लंबर, बिल्डर, डिलिव्हरीवाल्यांनाही पुरतो. त्यांना वेगळी परवानगी लागत नाही. 'फक्त पायी' असेल तर व्हॅन बाहेरच. सामान उतरवण्यापुरतं थांबणं वाटेच्या हक्कात धरलं जातं, 1953 च्या बुलस्ट्रोड विरुद्ध लॅम्बर्ट निकालापासून. दिवसभर पार्किंग, स्किप ठेवणं, स्कॅफोल्डचे (परांचीचे) पाय रोवणं हे मात्र त्यात आपोआप येत नाही. त्याला रस्त्याच्या मालकाची लेखी संमती हवी. कौन्सिलचं स्किप परमिट हायवेसाठी, म्हणजे सार्वजनिक रस्त्यासाठी, असतं; मालकाच्या संमतीची जागा ते घेत नाही.

सर्वांत जास्त फसगत होते ती पाइपांत. चालण्याचा हक्क म्हणजे खोदण्याचा हक्क नव्हे. ड्रेन, पाणी, वीज यांसाठी दस्तात वेगळं कलम असतं, आणि त्यातही असलेली लाइन 'दुरुस्त करणं' आणि नवी 'टाकणं' यांत फरक आहे. नुसतं दुरुस्तीचं कलम असताना नव्या बाथरूमची लाइन रस्त्याखालून काढली तर मालक काम थांबवू शकतो. 1992 चा ॲक्सेस टू नेबरिंग लँड ॲक्ट काउंटी कोर्टाकडून दुसऱ्याच्या जमिनीवर जायचा आदेश मिळवून देतो, पण तो मुख्यतः असलेली वास्तू टिकवण्याच्या कामांसाठी. नव्या एक्स्टेन्शनला तो आधार धरू नये.

प्लॅनवर फार विसंबू नका. शहरात तो बहुधा 1:1250 प्रमाणात असतो, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर सव्वा मीटर. पाच फळ्यांच्या स्कॅफोल्डची रुंदी साधारण तेवढीच, म्हणजे अख्खा स्कॅफोल्ड हद्दीच्या लाल रेघेखाली झाकला जाईल. शिवाय ती हद्द 'सर्वसाधारण' असते, काटेकोर नव्हे. तपकिरी पट्टी दिसली तर ती बहुतेक वाटेची असते, पण रंगाचा अर्थ रजिस्टरमधल्या ओळीवरूनच लावायचा.

आणि हे झालं घराचं टायटल. रस्त्याचं टायटल वेगळं असू शकतं, आणि रस्त्याला घरनंबर नसल्याने पत्त्यावरून तो सापडत नाही. एसआयएम फॉर्मसोबत (रजिस्ट्रीच्या नकाशात शोध घ्यायच्या अर्जासोबत) नकाशावर पट्टी रंगवून पाठवली की तिच्यावर कोणते टायटल नंबर आहेत ते कळतं. नोंदच नसेल तर तेही कळतं. इंग्लंड-वेल्समधली दहा टक्क्यांच्या आसपास जमीन अजून नोंदलेली नाही, आणि जुन्या खासगी गल्ल्यांत हे हमखास आढळतं. वीस वर्षं उघडपणे, परवानगी न मागता, जबरदस्ती न करता वापरलेली वाटही हक्क बनू शकते. ती रजिस्टरवर नसेलही. नव्या वसाहतींत सोपं आहे: 'बी' भागातल्या निर्बंधात वसाहतीची देखभाल पाहणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीचं नाव बहुधा असतंच, संमतीचं पत्र तिलाच टाका.

पत्रात तारखा, वेळा, सर्वांत जड गाडीचं वजन आणि पृष्ठभाग पूर्ववत करण्याची हमी लिहा. मॅनहोलच्या झाकणांवरचा शिक्का बघा: बी125 झाकण मोटारींसाठी असतं, 18 टनी स्किप लॉरीखाली ते तडकू शकतं, रस्त्यासाठी डी400 लागतं. बी125 असेल तर लॉरी झाकणाच्या अलीकडेच थांबवा, आणि काम सुरू होण्याआधी प्रत्येक झाकणाचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

डाउनलोड केलेली पीडीएफ बोलणी करायला पुरते. वाद कोर्टात जायची चिन्हं असतील तर ओसी1 फॉर्मवरून अधिकृत प्रत घ्या. स्कॉटलंडसाठी ही सेवा नाहीच. तिथे रजिस्टर्स ऑफ स्कॉटलंड या खात्याची स्कॉटलिस ही ऑनलाइन सेवा वापरावी लागते, आणि रस्त्यांचा कायदाही वेगळा आहे.