बालशल्यचिकित्सा विभाग, पुण्यातील एक धर्मादाय रुग्णालय : उपचार चोख, खिडकीचा कारभार सुमार

आमच्या पाच महिन्यांच्या नातवाची डावी गोटी (वृषण) जन्मापासून उतरलेली नव्हती. सोनोग्राफीच्या अहवालात जांघेत ‘गाठ’ असल्याचे आले, तेव्हा आम्ही या विभागात गेलो.

डॉक्टरबाईंनी अहवाल बाजूला ठेवून आधी मूल पाहिले. गार हात लागला की वृषण वर ओढले जाते, म्हणून त्यांनी हात कोमट पाण्याने धुतले, बाळाला सूनबाईंच्या मांडीवर टेकवून बसवले आणि कमरेच्या हाडापासून बोटे सावकाश खाली सरकवत नेली. जांघेत टणक गोळा लागला. दुसरी बाजू, पोट आणि काखाही त्यांनी तपासल्या. एवढ्या गर्दीच्या ओपीडीत इतकी निवांत तपासणी मला अनपेक्षित होती.

आमची खरी घाबरगुंडी एएफपीच्या (अल्फा-फीटोप्रोटीन, रक्तात मोजले जाणारे एक प्रथिन) आकड्याने उडाली होती. आकडा ५२ होता आणि प्रयोगशाळेने समोर ‘१० पेक्षा कमी’ अशी मर्यादा छापून तो ठळक केला होता. ही मर्यादा मोठ्या माणसांची आहे, नवजात बाळात हे प्रथिन हजारोंच्या घरात असते आणि साधारण वर्षभरात उतरत मोठ्यांच्या पातळीवर येते, हे बाईंनी केसपेपरच्या मागे आलेख काढून समजावले. लहान मुलांच्या वृषणात होणाऱ्या योक सॅक ट्यूमर या कर्करोगात एएफपी बहुधा बरेच चढलेले असते. त्यामुळे एकट्या आकड्याकडे न पाहता तो कोणत्या दिशेने चालला आहे हे पाहायचे असते. पुन्हा केलेल्या तपासणीत आमचा आकडा उतरला होता. न उतरलेल्या वृषणात कर्करोगाचा धोका वाढतो हे खरे, पण तो प्रामुख्याने तारुण्यात दिसतो आणि या वयातील गाठींपैकी बऱ्याच टेराटोमा, म्हणजे साध्या, कर्करोग नसलेल्या असतात, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

शस्त्रक्रिया जांघेतून झाली. कर्करोग असलाच तर पेशी पसरू नयेत म्हणून वृषणकोशावर छेद घेत नाहीत आणि गाठीला हात लावण्यापूर्वी वृषणाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमट्याने बंद करतात. भूल चालू असतानाच गाठीचा तुकडा फ्रोजन सेक्शनसाठी, म्हणजे गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, गेला. निदान टेराटोमाचे आले. निरोगी भाग पुरेसा असता तर वृषण वाचवण्याची तयारी होती. तो उरलेला नसल्याने ते काढावे लागले. केमोथेरपी लागली नाही, उजवे वृषण उत्तम आहे.

आता तक्रारी. संमतिपत्र केवळ इंग्रजीत होते आणि सूनबाईंच्या हाती पेन देऊन ‘इथे सही करा’ एवढेच सांगितले गेले. बाईंना विचारल्यावर त्यांनी मात्र ओळ न् ओळ मराठीत सांगितली. पॅथॉलॉजीचा अंतिम अहवाल कबूल केलेल्या दिवशी मिळाला नाही आणि चौकशीला तीन खिडक्यांनी तीन उत्तरे दिली. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. तसा फलक येथे आहे, पण अर्धा झेरॉक्सच्या यंत्रामागे. जाणाऱ्यांनी शिधापत्रिका आणि उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवून बिलाच्या खिडकीऐवजी थेट समाजसेवा अधिकाऱ्यांना गाठावे, तेही भरती होण्यापूर्वी.