तांब्याची जुनी तार सुधारावी, फायबर घ्यावे की छतावर अँटेना बसवावा? सातारा-सांगलीच्या गावांसाठी एक तुलना

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील ज्या घरांत अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट येते, त्यांच्यापुढे आज तीन वाटा आहेत. आहे ती तार दुरुस्त करून घेणे ही पहिली, गावात फायबर आले असेल तर ते घेणे ही दुसरी, आणि छतावर अँटेना बसवून मोबाइल टॉवरवरून इंटरनेट घेणे ही तिसरी. या तिन्हींची तुलना बहुधा जाहिरातीतल्या वेगावरून होते आणि घोडे तिथेच पेंड खाते. माझ्या मते निर्णय दोन प्रश्नांवर घ्यावा: घरापर्यंत येणारी वाट किती लांब आणि कशी आहे, आणि ती तुटल्यावर जोडणारा माणूस कुठे राहतो.

‘ब्रॉडबँड’ या नावावर विसंबून काहीच ठरवता येत नाही. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएस वेगालाही ब्रॉडबँड म्हटले होते, २०१३ मध्ये ही किमान मर्यादा ५१२ केबीपीएस झाली आणि जानेवारी २०२३ पासून ती २ एमबीपीएस आहे. म्हणजे आज २ एमबीपीएस मिळणारे घर आणि १०० एमबीपीएस मिळणारे घर, दोघांच्याही बिलावर शब्द एकच असतो.

तांब्याची तार: आधी दोन आकडे पाहावेत

तांब्याच्या जोडीवर सर्वसाधारणपणे एडीएसएल२+ हे तंत्र चालते आणि त्याची कागदावरची कमाल मर्यादा २४ एमबीपीएस आहे. हा वेग टेलिफोन एक्स्चेंजच्या अगदी जवळच्या घरालाच मिळतो. अर्धा मिलिमीटर जाडीच्या चांगल्या तारेवर तीन किलोमीटरला साधारण सात-आठ एमबीपीएस उरतात आणि पाच किलोमीटरला एक-दोन एमबीपीएस मिळाले तरी पुष्कळ. तार त्याहून बारीक असेल तर घट आणखी लवकर होते. शिवाय नकाशावर एक्स्चेंज दोन किलोमीटरवर दिसत असले तरी तार पिलर आणि डीपी (टेलिफोनच्या तारा जोडण्याच्या वाटेतल्या पेट्या; विजेचा डीपी नव्हे) घेत, वळसे घालत येते, त्यामुळे तिची खरी लांबी मोडेमलाच विचारावी लागते.

त्यासाठी संगणक लॅन केबलने मोडेमला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा पत्ता उघडावा आणि डीएसएल स्टेटसचे पान पाहावे. बऱ्याच मोडेमांचा पत्ता हाच असतो, नसल्यास तो मोडेमच्या तळाशी छापलेला असतो. तिथे ‘लाइन अटेन्युएशन’ हा डेसिबलमधला आकडा वाटेत सिग्नल किती क्षीण झाला ते सांगतो. अर्धा मिलिमीटरच्या तारेवर दर किलोमीटरला साधारण १३.८ डेसिबल घट धरली, तर ४१ हा आकडा तीन किलोमीटर तार दाखवतो. दुसरा आकडा ‘एसएनआर मार्जिन’चा, म्हणजे तारेवरच्या गोंगाटापुढे सिग्नलला किती डेसिबल मोकळीक आहे त्याचा. तो दहाच्या वर असेल तर तार शांत आहे असे समजावे. तो सहाच्या खाली जाऊ लागला की जोडणी वारंवार तुटते. हे दोन्ही आकडे सकाळी, रात्री आणि पाऊस पडून गेल्यावर पाहून वहीत उतरवले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. घट ६० डेसिबलच्या पुढे असेल तर नवा मोडेम, महाग राउटर किंवा मोठा प्लॅन यांपैकी कशावरही पैसे घालू नयेत, कारण तारेची लांबी घरात बसून कमी करता येत नाही. एडीएसएलनंतरचे व्हीडीएसएल२ हे तंत्रही इथे उपयोगाचे नाही, कारण त्याचा फायदा जेमतेम किलोमीटरभरात विरतो.

याउलट घट ३०-४० डेसिबलच असूनही वेग एक-दोन एमबीपीएसवर अडकला असेल, तर दोष बहुधा दुरुस्त होण्यासारखा असतो. तार घरात शिरते तिथला पहिला रोझेट (फोनची तार जोडायची भिंतीवरची डबी) उघडून पाहावा. स्क्रूभोवती हिरवा कळंक चढलेला असतो, तारेचे टोक काळे पडलेले असते, आणि तिथूनच कुणीतरी सोप्यातल्या व माडीवरच्या फोनसाठी आणखी दोन चपट्या तारा काढलेल्या असतात. ही समांतर जोडणी फोनवर बोलण्यापुरती चालते, परंतु मोडेमच्या उच्च वारंवारितेचा सिग्नल त्या मोकळ्या टोकांवर आपटून परततो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणून बाकीच्या सर्व तारा सोडवून मोडेम एकट्याने पहिल्या रोझेटवर लावावा आणि आकडे पुन्हा पाहावेत. वेग वाढला तर दोष घरातल्या वायरिंगचा. मग मोडेम तिथेच ठेवून वाय-फाय लांब न्यावे किंवा आतल्या चपट्या तारेऐवजी लॅन केबलमधली पिळलेली एक जोडी वापरावी, आणि फोन स्प्लिटरमधूनच (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) घ्यावा. इतक्या किरकोळ खर्चात इतका फरक दुसऱ्या कुठल्याही उपायाने पडत नाही.

पहिल्या रोझेटवरही वेग वाढला नाही तर दोष बाहेर आहे. रिसीव्हर उचलल्यावर खरखर ऐकू येणे ही त्याची साधी खूण. पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या पावसात डीपीतल्या आणि खांबावरच्या साध्या पिळलेल्या जोडांत पाणी मुरते. असे जोड जेली भरलेल्या कनेक्टरने नव्याने करणे, डीपीपासून घरापर्यंतची तार एकसंध बदलणे आणि केबलमधली दुसरी चांगली जोडी देणे, ही तिन्ही कामे लाइनमनच्या हातातली आहेत. तक्रार नोंदवताना नुसते ‘नेट स्लो आहे’ असे सांगितले की उत्तर ‘मोडेम बंद करून चालू करा’ असेच मिळते. ‘फोनवर खरखर आहे, मार्जिन चारवर येते आणि पावसात तुटते’ असे सांगितले तर तक्रार तारेची म्हणून नोंदली जाण्याची शक्यता वाढते.

एका कारणाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. रानडुकरे आणि गवे यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी कोयना आणि चांदोलीच्या बाजूला शेतांना झटका यंत्राचे कुंपण असते. हे यंत्र साधारण दर सेकंदाला विजेचा एक ठोका सोडते, आणि कुंपणाची तार टेलिफोनच्या तारेला बरीच लांब समांतर गेली असेल किंवा तिला ओले गवत टेकत असेल, तर तो ठोका फोनवर ‘टक्, टक्’ असा ऐकू येतो आणि मोडेमच्या चुका वाढवत राहतो. यंत्राचे अर्थिंग सुधारणे, तारेखालचे गवत काढणे आणि कुंपण टेलिफोनच्या तारेपासून दूर घेणे एवढाच त्यावर उपाय आहे, आणि त्यासाठी शेजाऱ्याशी गोडीत बोलावे लागते. मोटारीचा स्टार्टर आणि हलक्या दर्जाचे एलईडी दिवे हेही असाच गोंगाट करतात. गोंगाट कुठून येतो ते शोधायला बॅटरीवरचा मीडियम वेव्ह रेडिओ केंद्र नसलेल्या जागी लावून घरभर फिरवावा. जिथे घरघर वाढेल तिथे उगम. एडीएसएल२+ सुमारे २.२ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरते, म्हणजे ज्या १२५१ किलोहर्ट्झवर आपल्याकडे सांगली आकाशवाणी वर्षानुवर्षे ऐकली गेली, तोही त्याच पट्ट्यात येतो. म्हणूनच मोडेमला छळणारा गोंगाट रेडिओवर ऐकू येतो.

हे सगळे करूनही तांब्याची एक मर्यादा राहतेच, ती म्हणजे अपलोड. एडीएसएल२+ वर ते साधारण एक एमबीपीएसच्या आसपास थांबते. घरात एकाने लग्नाचे फोटो पाठवायला घेतले की दुसऱ्याचा ऑनलाइन वर्ग अडखळतो, तो यामुळे. राउटरमध्ये प्रत्येक उपकरणाच्या अपलोडला मर्यादा घालण्याची सोय असेल तर ती वापरावी. वेग वाढत नाही, पण घरातली भांडणे कमी होतात.

फायबर: वेगाचा प्रश्न सुटतो, तुटण्याचा राहतो

फायबरमधून प्रकाश जातो. त्यामुळे झटका यंत्र, मोटार किंवा ओला जोड यांचा त्याला उपद्रव नाही, आणि नेहमीच्या जीपॉन पद्धतीत (एकच फायबर अनेक घरांत वाटले जाते ती) वीस किलोमीटरपर्यंतचे घर एक्स्चेंजशेजारच्या घराइतकाच वेग घेऊ शकते. डाउनलोडचे २.५ आणि अपलोडचे १.२५ जीबीपीएस बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात, म्हणून गर्दीच्या वेळीही तांबे त्याची बरोबरी करू शकत नाही. वळिवाच्या पावसात तांब्याच्या तारेवरून वीज घरात उतरून मोडेम जळतो, तो धोकाही इथे जवळजवळ संपतो. वेगाच्या बाबतीत तुलना इथेच थांबवली तरी चालेल.

खरे प्रश्न पुढे आहेत. पहिला, गावात फायबर आहे म्हणजे नेमके कुठे आहे? २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेतून ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यात आले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटसाठी सुमारे १.३९ लाख कोटी रुपये मंजूर झाले. परंतु ग्रामपंचायतीच्या कार्यालयात पेटी बसणे आणि मळ्यातल्या घरात जोडणी मिळणे यांत अंतर असते, आणि ते सहसा स्थानिक भागीदार किंवा केबलवाला भरून काढतो. जत, आटपाडी किंवा माणमध्ये वस्त्या गावठाणापासून दोन-तीन किलोमीटर विखुरलेल्या असतात. तिथे एका घरासाठी केबल ओढायला तो तयार होत नाही, पण पाच-सहा घरे एकत्र आली की होतो. म्हणून शेजाऱ्यांना आधी विचारावे आणि मग अर्ज करावा.

दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. गावातले फायबर बहुतेक ठिकाणी विजेच्या खांबांवरून लोंबकळत जाते. गळीत हंगामात उसाने भरलेल्या ट्रॉल्या रस्ता ओलांडणाऱ्या केबल ओढून नेतात, आणि पाइपलाइनसाठी जेसीबी लागला की जमिनीखालची केबलही वाचत नाही. तांब्याची तुटलेली तार पक्कड घेऊन कुणीही तात्पुरती जोडू शकतो, फायबरला मात्र त्याची टोके वितळवून जोडणारे स्प्लायसिंग मशीन लागते. ते मशीन गावात आहे, तालुक्याला आहे की कराड-मिरजेहून यावे लागते, हा प्रश्न प्लॅन विचारण्याआधी विचारावा. जोडणी देणाऱ्या माणसाचे गावातले दोन ग्राहक गाठून मागच्या हंगामात केबल तुटल्यावर किती दिवसांनी जोडली, हेही विचारून घ्यावे. पन्नास रुपयांनी स्वस्त प्लॅनपेक्षा ही माहिती अधिक कामाची आहे.

जोडणी झाल्यावर ऑप्टिकल पॉवरचा, म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या जोराचा, आकडा लिहून ठेवावा. तो उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर उत्तम. उणे २७ ही सामान्य उपकरणांची शेवटची मर्यादा आहे, आणि बसवतानाच तो उणे २६ असेल तर थोड्याशा ताणाने जोडणी तुटून लाल दिवा लागणार हे धरून चालावे. अशा वेळी जोड पुन्हा करून मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. खिडकीच्या चौकटीत केबल काटकोनात दाबून बसवलेली असेल तर तीही मोकळ्या वळणाने घ्यायला लावावी.

टॉवरवरून इंटरनेट: वस्तीवरच्या घराचा आधार

एअरफायबर नावाच्या सेवा २०२३ मध्ये सुरू झाल्या. त्यात केबल घरापर्यंत येत नाही. छतावरचे उपकरण ५जी टॉवरशी बोलते. जिथे ५जी पोचलेले नाही तिथे सिम टाकायचा ४जी राउटर आणि बाहेरचा अँटेना हा पर्याय उरतो, आणि तांब्याच्या एक-दोन एमबीपीएसपुढे तोही समाधानकारक ठरू शकतो. सिग्नल मोजताना फोनवरच्या दांड्या पाहू नयेत, टॉवरचा सिग्नल किती जोरात पोचतो ते सांगणारा आरएसआरपी हा डीबीएममधला आकडा पाहावा. उणे ८५ चांगला आणि उणे ११० वाईट. घरात उणे ११० असलेला सिग्नल पत्र्याच्या वर, टॉवरच्या दिशेने तोंड केलेल्या अँटेनाला पुष्कळदा बराच सुधारलेला मिळतो, कारण दगडी भिंत आणि पत्रा हेच मोठे अडथळे असतात. डोंगर आड असेल तर मात्र अँटेना कितीही भारी घेतला तरी फरक पडत नाही. कोयना खोऱ्यातल्या घरांनी हे आधी तपासावे.

या वाटेचे दोन दोष आहेत. एकाच विहिरीवर बारा मोटारी बसाव्यात तसा एक टॉवर साऱ्या गावात वाटला जातो, त्यामुळे रात्री आठ ते अकरा हा वेग मोजण्याचा खरा काळ; दुपारी दोनला दाखवलेल्या वेगावर सही करू नये. दुसरे म्हणजे मासिक डेटाची मर्यादा आणि सामायिक आयपी पत्ता, म्हणजे अनेक ग्राहकांत मिळून इंटरनेटवरचा एकच पत्ता. शेतातला कॅमेरा बाहेरून थेट पाहायचा असेल तर अडचण येते, मात्र कंपनीच्या क्लाउडवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना ती येत नाही. वीज गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो, हेही शेजारपाजारच्यांना ठाऊक असते.

कुणी काय घ्यावे

गावठाणात किंवा रस्त्याकाठी घर आहे, फायबर दारावरून गेलेले आहे आणि जोडणारा माणूस तालुक्याच्या आतला आहे, अशा घराने तांब्यावर आणखी वेळ घालवू नये. फायबर नाही, पण घट ४० डेसिबलच्या आत आहे, तर आधी घरातले वायरिंग आणि बाहेरचे जोड सुधारून पाहावेत. खर्च शंभर-दोनशेंचा आहे आणि दोन-चार एमबीपीएसवरून सात-आठवर जाणे अशक्य नाही. मात्र लाइनमन येण्याची वाट पाहावी लागेल हे गृहीत धरावे. जानेवारी २०२० अखेर बीएसएनएलमधून ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने गेले, आणि तांब्याची देखभाल करणारे हात तेव्हापासून कमीच आहेत. घट ६० च्या पुढची आणि घर मळ्यात, तर टॉवरची वाट धरावी. दवाखाना, दूध संकलन केंद्र किंवा घरून नोकरी करणारा माणूस असेल तर फायबर मुख्य ठेवून सिमचा राउटर आडवेळेसाठी ठेवणे परवडते. कुठलीही वाट घेतली तरी मोडेमला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा, नाहीतर भारनियमनात तिन्ही सारखेच बंद.

जुने कनेक्शन लगेच बंद करू नये. नवे कनेक्शन महिनाभर, आणि शक्य तर पावसाचा एखादा आठवडा धरून, नीट चालल्यावरच अर्ज द्यावा. टेलिफोनचा जुना क्रमांक बँकेत, गॅसच्या नोंदणीत आणि नातेवाइकांकडे दिलेला असतो, तो नव्या जोडणीवर कायम राहील का हे लेखी विचारावे. मोडेम परत केल्याची आणि अनामत रकमेची पोच मात्र हातात घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नये.