तीन गिअरची मामाचारी: जपानमधल्या मिशनरीसाठी घ्यावी का?

मॉर्मन चर्च या अमेरिकेतल्या ख्रिस्ती पंथाचे, घरोघर धर्मप्रचार करणारे तरुण मिशनरी जपानमध्ये बऱ्याच शहरांत सायकलवरच फिरतात. मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची अठरा महिन्यांची. निघताना बहुतेकांना एकच सल्ला मिळतो: क्रॉस बाइक (सरळ हँडलची हायब्रिड सायकल) घे, हलकी असते. माझं मत नेमकं उलटं आहे. या कामासाठी मामाचारी, म्हणजे जपानी बायका बाजारहाटाला वापरतात ती बास्केटवाली सायकल, जास्त बरी. फक्त ती तीन गिअरची, २७ इंची आणि हब डायनामोची (पुढच्या चाकाच्या मधोमध बसवलेला, लाइटला वीज देणारा) असावी, आणि मागच्या चाकावर थोडे पैसे घालायची तयारी ठेवावी.

कारण त्यांच्या दिवसात आहे. सकाळी साडेसहाला उठणं, प्रार्थना, अभ्यास, मग जोडीदाराबरोबर दिवसभर भेटीगाठी, आणि रात्री नऊ-साडेनऊपर्यंत खोलीवर परत. सलग लांबचा पल्ला क्वचितच. दहा मिनिटं चालवा, उतरा, कुलूप लावा, बेल वाजवा, कोणी दार उघडलं नाही तर पुन्हा सायकलवर. मामाचारीला मागच्या चाकावरच गोल कुलूप असतं, लावायला दोन सेकंद लागतात. स्टँड दोन पायांचं आणि खटका असलेलं, त्यामुळे भरलेल्या बास्केटसकट सायकल सरळ उभी राहते. मडगार्ड पूर्ण, चेनवर झाकण. क्रॉस बाइकला यातलं बहुतेक सगळं नंतर विकत घेऊन बसवावं लागतं, आणि ते करेपर्यंत हलकेपणाही गेलेला असतो आणि पैसेही. पाठीवर बॅग घेऊन ऑगस्टमध्ये चालवलं तर पांढऱ्या शर्टाची पाठ पहिल्या भेटीआधीच भिजते. ती बॅग बास्केटमध्ये गेली पाहिजे, हा एकच मुद्दा मला पुरेसा वाटतो.

चेनकेस घेताना नीट बघा. अर्धं झाकण असेल तर उजव्या पायाच्या पँटला ग्रीस लागणारच. पूर्ण बंद केस घ्या. मुलींना डिसेंबर २०१८ पासून पँट घालायची मुभा आहे, पण स्कर्ट घालणार असाल तर मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना ड्रेस गार्ड हवाच. त्याशिवाय कापड आऱ्यांत जातं.

आता खोट. ही सायकल बेतलेली आहे सर्वसाधारण जपानी माणसाच्या अंगाने. बऱ्याच कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत चालवणाऱ्याचं वजन ६५ किलो धरलेलं असतं. सहा फुटी, ९० किलोचा पोरगा त्यावर बसला, वर बास्केटमध्ये पुस्तकं, आणि रोज फुटपाथच्या कडा चढल्या-उतरल्या, की काही महिन्यांत मागच्या चाकाचे स्पोक तुटायला लागतात. आधी टिक-टिक आवाज येतो, मग चाक आउट होतं. एक तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो, म्हणून "एकच तर आहे" म्हणून चालवत राहू नका. नेहमीचे स्पोक १४ नंबरचे, २ मिमी जाडीचे असतात. चांगल्या दुकानात १३ नंबरच्या, २.३ मिमी स्पोकवर मागचं चाक बांधून मिळतं. वजन ८० किलोच्या पुढे असेल तर हा खर्च टाळू नका.

सीटचंही तेच. आलेली सीट इतकी खाली असते की गुडघे हँडलला लागतात, आणि आठवडाभरात दुखायला लागतात. सीटच्या दांड्यावर मर्यादेची खूण असते. ती फ्रेमबाहेर दिसेल इतकी सीट वर काढू नका, दांडा वाकतो किंवा फ्रेमच तडकते. लांब दांडा वेगळा मिळतो. जाडी बहुतेक २५.४ मिमी असते, तरी जुन्या दांड्यावर कोरलेला आकडा वाचूनच घ्या. २६ इंची सायकल उंच माणसाने घेऊच नये.

गिअर शिमानोच्या नेक्सस प्रकारचे, मागच्या हबच्या आत. पाऊस-चिखल लागत नाही, आणि उभ्या सायकलवरही बदलता येतात, म्हणून सिग्नलला सोयीचे. मात्र जोर लावून पॅडल मारत असताना बदलू नका, पाय क्षणभर सैल सोडा. पॅडल सटकायला लागलं तर बहुतेक वेळा केबल सैल झालेली असते. दुरुस्ती हाताने होते: गिअर २ वर ठेवा, मागच्या हबपाशी छोट्या खिडकीत पिवळी खूण दिसते, ती दोन रेघांच्या बरोबर मध्ये येईपर्यंत केबलचा नट फिरवा आणि लॉकनट घट्ट करा. पहिला गिअर डोंगरउतारावरच्या वस्तीत पुरत नाही. नागासाकी किंवा योकोहामाच्या चढांवर उतरून ढकलायला लागेल, हे धरूनच चाला.

मागचा ब्रेक स्वस्त मॉडेलला बँड ब्रेक, म्हणजे ड्रमभोवती पट्टा आवळणारा, असतो. दोन पावसाळ्यांनंतर तो असा किंचाळतो की गल्लीतल्या लोकांना मिशनरी आल्याचं बेल न वाजवताच कळतं. त्यावर तेल सोडू नका, ब्रेकच जाईल. सर्वो किंवा रोलर या कमी आवाजाच्या ब्रेकचं मॉडेल आधीच निवडा. रोलरला फक्त त्याचं स्वतःचं ग्रीस लागतं.

पंक्चर सापडत नाही पण हवा दोन दिवसांत उतरते, अशी तक्रार सगळ्यात जास्त. महाराष्ट्रात जुनी ॲटलस किंवा हीरो चालवलेल्याला कारण लगेच कळेल: व्हॉल्व्हवरची रबरी नळी. जपानमध्येही साध्या सायकलींना तोच व्हॉल्व्ह आहे. रबर चिकट होतं, चिरतं. नट काढा, आतली पिन ओढा, जुनं रबर सोलून टाका, नवं पाण्यात बुडवून पिनेवर पार वरपर्यंत चढवा, बाजूचं भोक झाकलं गेलं पाहिजे. शंभर येनच्या दुकानात याचं पाकीट मिळतं. वर्षाला एकदा बदला. या व्हॉल्व्हवर गेजने प्रेशर मोजता येत नाही, म्हणून अंगठ्याने दाबून बघा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी, कपडे धुण्याच्या सुट्टीच्या दिवशी, हवा भरा. हवा कमी ठेवून कड चढवली की रिम ट्यूबला चावते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. जड माणसाच्या सायकलची बहुतेक पंक्चरं अशीच होतात.

लाइट हब डायनामोचाच घ्या. अंधार पडला की सेन्सर आपोआप पेटवतो. टायरला घासणारा जुना डायनामो पावसात घसरतो, आणि परतीचा वेळ रात्रीचाच असतो.

सायकलइतकेच महत्त्वाचे कागद. दुकानातच चोरी प्रतिबंधक नोंदणी होते, साधारण ६०० ते ७०० येन, रहिवासी कार्ड लागतं. मिशनरींची बदली सहा आठवड्यांच्या टप्प्याने होते आणि सायकल पुष्कळदा त्याच फ्लॅटमध्ये पुढच्यासाठी राहते. इथेच गोंधळ होतो. पोलिसाने थांबवून नोंदणीच्या स्टिकरचा नंबर तपासला आणि नाव तिसऱ्याच माणसाचं निघालं, की समजावण्यात अर्धा तास जातो. जाणाऱ्याने नोंदणी रद्द करून हस्तांतरपत्र लिहून द्यावं, येणाऱ्याने ते दाखवून स्वतःच्या नावावर करून घ्यावं. पद्धत प्रांतागणिक थोडी वेगळी असते, म्हणून जवळच्या सायकल दुकानात विचारा. विमा बऱ्याच प्रांतांत सक्तीचा आहे. दुकानात तपासणी करून टीएस मार्क (तपासणी झाल्याचं स्टिकर) लावून घेतला तर त्याबरोबर वर्षभराचं अपघात संरक्षण येतं, आणि सायकलही एकदा जाणकाराच्या हाताखालून जाते.

नियमांत जोडीने फिरणाऱ्यांना सगळ्यात जास्त नडणारा म्हणजे शेजारी-शेजारी न चालवण्याचा. १ एप्रिल २०२६ पासून सोळा वर्षं आणि त्यापुढच्या सायकलस्वारांना जागेवरच दंडाची पावती मिळू शकते: जोडीने चालवलं तर ३,००० येन, हातात छत्री धरली किंवा लाइट नसला तर ५,०००, उजव्या बाजूने गेलात तर ६,०००, हातात फोन धरून चालवलं तर १२,०००. म्हणून एकामागे एक, नकाशा बघायचा तर थांबून. पावसाळा जून-जुलैचा, तेव्हा छत्रीचा विचार सोडा, वर-खाली दोन तुकड्यांचा रेनकोट आणि बास्केटला झाकण घ्या. हेल्मेट चर्चच्या नियमाने लागतंच, आणि देशाच्या कायद्यानेही एप्रिल २०२३ पासून सर्व वयांना घालण्याची सूचना आहे.

स्टेशनजवळ कुठेही लावू नका. उचलून नेली तर सोडवायला दोन ते पाच हजार येन जातात, शिवाय डेपो नेमका गावाबाहेर.

किंमत: तीन गिअर, हब डायनामो आणि बीएए मार्क (सुरक्षा चाचणी पार केल्याचा शिक्का) असलेली नवी सायकल साधारण ३० ते ४५ हजार येन. त्याखालच्या बिनगिअरच्या सायकली वीस हजारांच्या आसपास मिळतात, पण त्यांत बँड ब्रेक आणि घासणारा डायनामो असतो, मग वर्षभरात दुरुस्तीतच फरक भरून निघतो. ब्रिजस्टोनची बेल्टवाली अल्बेल्ट उत्तम आहे, बेल्टला तेल लागत नाही आणि पँटही काळी होत नाही, पण दीड-दोन वर्षांसाठी तेवढे पैसे घालणं मला पटत नाही. टोकियोत भारतीय वस्ती असलेल्या निशिकासाईतल्या मराठी घरांसाठी हिशेब वेगळा, तिथे सायकल पाच-सात वर्षं राहते, त्यांनी खुशाल घ्यावी. साप्पोरोसारख्या ठिकाणी भर हिवाळ्यात बर्फामुळे सायकल बंदच असते, तिथे सेकंडहँड बघा. मात्र नोंदणी रद्द केल्याचा कागद दुकानदाराकडून हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.