गॅरेजच्या भिंतीला लाकडी आवरण : आडव्या फळ्या, उभ्या फळ्या की अखंड तक्ते?

अमेरिकेत लाकडी सांगाड्याचे घर घेतलेल्या मराठी कुटुंबांना काही वर्षांनी गॅरेजच्या बाहेरच्या भिंतींकडे लक्ष द्यावेच लागते. रंगाचे पोपडे निघतात, जमिनीलगतचे लाकूड बोटाने दाबले तरी दबते आणि कंत्राटदार तीन पर्याय पुढे ठेवतो : एकमेकींवर चढवलेल्या आडव्या बेव्हल फळ्या, ‘बोर्ड अँड बॅटन’ पद्धतीच्या उभ्या फळ्या, किंवा ‘टी १-११’ या नावाने मिळणारे प्लायवूडचे मोठे तक्ते. निवड बहुधा रूप आणि किंमत पाहून होते. परंतु आत शिरलेले पाणी कोणत्या रचनेत लवकर बाहेर पडेल, हा प्रश्न मी त्याआधी विचारीन.

तिन्ही पर्यायांच्या मागे भिंतीचे थर सारखेच असावेत. सर्वांत आत स्टड, म्हणजे साधारणपणे १६ इंचांच्या अंतराने उभे केलेले लाकडी खांब. त्यांवर प्लायवूड किंवा ओएसबीचे (लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या तक्त्यांचे) अस्तर. त्यावर पाणी अडवणारा, पण वाफ बाहेर जाऊ देणारा हाउसरॅप. आणि सर्वांत बाहेर लाकूड. हाउसरॅप खालून वर लावत जावा आणि वरचा पट्टा खालच्यावर सुमारे ६ इंच चढवावा. कौले शाकारणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही, कारण वरच्या ओळीचे पाणी खालच्या ओळीच्या पाठीवर पडले पाहिजे, पोटात नव्हे, हाच नियम येथेही आहे. दारे-खिडक्यांच्या माथ्यावरील फ्लॅशिंगची, म्हणजे पाणी बाहेर वळवणाऱ्या पट्टीची, वरची कडही याच कारणाने हाउसरॅपखाली जाते.

बेव्हल फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ असते. तिची जाड कड खालच्या फळीच्या पातळ कडेवर किमान १ इंच चढवतात. चूक होते ती खिळ्यात. पुष्कळ जण दोन्ही फळ्यांतून आरपार खिळा ठोकतात. लाकूड ओलाव्याने फुगते आणि उन्हाने आकसते; दोन्ही बाजूंनी जखडलेल्या फळीला हालचालीस वाव न राहिल्याने ती मधोमध तडकते. म्हणून प्रत्येक स्टडवर एकच खिळा, तोही खालच्या फळीच्या वरच्या कडेच्या किंचित वर मारावा आणि तो भरीव लाकडात किमान सव्वा इंच रुतावा. खिळे स्टेनलेस स्टीलचे किंवा हॉट-डिप पद्धतीने जस्त चढवलेले असावेत. या फळ्या ज्या लाकडाच्या मिळतात, त्या वेस्टर्न रेड सीडारमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य असते आणि साध्या लोखंडाशी त्याचा संयोग झाला की काळे ओघळ उमटतात. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घालून शाई करतात, तीच ही क्रिया. या पद्धतीत कष्ट अधिक आहेत, पण खालची फळी कुजली तर तेवढीच बदलता येते, ही सोय मला मोलाची वाटते.

उभ्या फळ्यांचे रूप कोठारासारखे दिसते आणि पाणी उभ्या रेषेत झरझर उतरते. रुंद फळ्यांमध्ये सुमारे अर्धा इंच फट सोडून तिच्यावर अरुंद पट्टी बसवतात आणि पट्टीचा खिळा दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून आत जातो, म्हणजे दोन्ही फळ्या मोकळ्या राहतात. अडचण आधाराची आहे. स्टडही उभे आणि फळ्याही उभ्या, त्यामुळे खिळ्यांसाठी स्टडच्या मधे आडवे ठोकळे घालावे लागतात. मागे हवेची पोकळी हवी असेल, तर आडव्या पट्ट्यांवर पाणी अडते, म्हणून त्यांच्याखाली आधी उभ्या पट्ट्या मारणे इष्ट. खर्च येथेच वाढतो.

टी १-११चे तक्ते ४ फूट रुंद आणि बहुधा ८ फूट लांब असून त्यांवर उभ्या खाचा असतात. योग्य जाडीचा तक्ता सांगाड्याला ताठपणाही देतो, त्यामुळे जुन्या गॅरेजांत तो अस्तराशिवाय थेट स्टडवर ठोकलेला आढळतो. स्वस्त आणि झटपट होणारे हे काम असले, तरी प्लायवूडची उघडी कड पाणी शोषते आणि थर सुटू लागतात. तक्त्यांमध्ये इंचाच्या आठव्या भागाइतकी फट सोडणे, प्रत्येक कापलेल्या कडेला रंग देणे आणि जेथे तक्त्यावर तक्ता येतो तेथे ‘झेड’ आकाराचे फ्लॅशिंग घालणे, यांपैकी काहीही वगळून चालत नाही. त्रिकोणी माथ्याच्या भिंतीत असा आडवा सांधा हमखास येतो.

जुने आवरण न काढता त्यावरच नवे चढवावे का, हे बरेच जण विचारतात. जुना थर सपाट, घट्ट आणि कोरडा असेल, तर ते शक्य आहे. मात्र भिंतीची जाडी वाढते, दार-खिडकीच्या चौकटी आत गेल्यासारख्या दिसतात आणि चौकटीभोवतीचे फ्लॅशिंग नव्याने करावे लागते. कूज असेल तर ती झाकली जाते आणि पुढेही चालूच राहते. मी जुने काढण्याच्या बाजूचा आहे. घर १९७८पूर्वीचे असल्यास मात्र रंगात शिसे असू शकते, म्हणून तपासणीआधी घासणे किंवा कापणे टाळावे.

सिअ‍ॅटलसारख्या दीर्घकाळ ओलसर राहणाऱ्या ठिकाणी मी हाउसरॅपवर प्रत्येक स्टडच्या रेषेत पाऊण इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या मारून त्यांवर बेव्हल फळ्या लावीन आणि पोकळीच्या तळाशी किडे अडवणारी जाळी बसवीन. हात तंग असेल आणि छपराची कड भिंतीच्या बरीच पुढे आलेली असेल, तर टी १-११ पुरेसा आहे. उभ्या फळ्या मी केवळ घराच्या उरलेल्या भिंतींशी मेळ साधायचा असेल तेव्हाच घेईन.

कोणतेही आवरण निवडले तरी त्याची खालची कड मातीपासून किमान ६ इंच आणि काँक्रीटपासून २ इंच वर ठेवावी. गॅरेजच्या बाबतीत हेच सर्वाधिक दुर्लक्षिले जाते, कारण गाडीवाटेची फरशी दारालगत येऊन टेकते आणि बाजूला फुलझाडांची माती वर्षागणिक चढत जाते. फळ्या ठोकण्यापूर्वी त्यांच्या पाठीला आणि कापलेल्या टोकांना प्रायमर लावून घ्यावा. भिंतीवर चढल्यानंतर पाठीपर्यंत ब्रश पोचत नाही.